विश्लेषण : सातारा-सांगलीतील पक्ष्यांचा उन्हाळा कायद्याच्या नजरेतून का सुटतो?

मार्च संपता संपता हिवाळी पाहुणे पक्षी परतीच्या वाटेला लागतात, तलावांचे काठ मोकळे पडतात आणि पक्षी निरीक्षकांचा हंगाम संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात सातारा आणि सांगली जिल्ह्यांत याच दिवसांत अनेक स्थानिक पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. आटणाऱ्या तलावाच्या गाळावर, कोरड्या भातखाचरांच्या बांधावर, उघड्या माळावर आणि सड्यांवर त्यांची घरटी असतात. यातील बहुतेक जागा सरकारी कागदावर मात्र ‘सिंचन तलाव’, ‘शेतजमीन’ किंवा ‘पडीक’ असतात. त्यामुळे त्यांच्या वापराचे निर्णय घेताना पक्ष्यांचा विचार क्वचितच होतो.

या दोन जिल्ह्यांतच इतकी विविधता कशी?

याचे उत्तर पावसात आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सांगलीतही तसेच आहे. चांदोलीचे खोरे असलेला शिराळा तालुका भाताचा, तर जत आणि आटपाडी ज्वारी-बाजरीचे आणि दुष्काळाचे. मधल्या पट्ट्यात कृष्णा, वारणा, कोयना आणि येरळेचे काठ व उसाचे मळे आहेत.

त्यामुळे एकाच दिवशी सकाळी सदाहरित जंगलात शीळकरी कस्तूर ऐकून दुपारनंतर खटावच्या माळावर डोंबारी चंडोल पाहता येतो. कोयना, चांदोली आणि कास ही ठिकाणे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आली. पूर्वेकडच्या माळांना आणि तलावांना अशी प्रसिद्धी मिळाली नाही. तरीही उन्हाळ्याच्या सुरुवातीला सर्वाधिक उलथापालथ तिथेच होते.

मार्च ते मे या काळात नेमके काय बदलते?

या तीन महिन्यांत तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पहिली म्हणजे पाहुण्यांची पाठवणी. मध्य आशिया, तिबेट आणि मंगोलियाकडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक आणि अनेक जातींची बदके मार्चअखेर निघून जातात. धोबी पक्षी आणि चिखले थोडे रेंगाळतात. ज्वारीच्या शिवारात थव्याने उतरणाऱ्या आणि शेतकऱ्यांना गोफण हाती घ्यायला लावणाऱ्या भोरड्या काटेसावर, पळस आणि पांगाऱ्याच्या फुलांवरील मध पिऊन एप्रिलमध्ये उत्तरेकडे सरकतात. इथे पिकाची शत्रू समजली जाणारी भोरडी मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात टोळ आणि नाकतोडे फस्त करते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधण्याच्या जागा तयार केल्या जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्थानिक पक्ष्यांची वीण. टिटवी, माळटिटवी, धाविक, नदी सुरय, पाणभिंगरी, चंडोल हे सारे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी याच काळात घरटी करतात. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा येते, वंचकाची पाठ तांबूस-जांभळी होते, सुगरणीच्या नराचे डोके पिवळे पडते. थंडीत साधा दिसणारा पक्षी मे महिन्यात ओळखू येत नाही, तो यामुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे पावसाच्या पुढे येणारे पक्षी. कोकिळ आणि पावशा एप्रिलपासून ओरडू लागतात. पावशाच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ ऐकण्याची शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. मेअखेरीस नवरंग आणि चातक दिसू लागतात. चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे येतो, त्यामुळे त्याचे आगमन पावसाशी जोडले गेले.

पाणथळींवर या दिवसांत काय पाहायला मिळते?

खटाव तालुक्यातील येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडी आणि नेर, तसेच माण-आटपाडीच्या सीमेवरील राजेवाडी हे तलाव या भागातील महत्त्वाची ठिकाणे आहेत. यातील मायणी, नेर आणि राजेवाडी हे ब्रिटिश काळातील, दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर उभे राहिलेले सिंचन तलाव. येरळवाडी हा येरळा नदीवरील धरणाचा जलाशय. ही नदी पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते.

पाणी उतरू लागले की तलावाच्या कडेला उथळ पट्टा आणि ओला गाळ तयार होतो. हा पट्टा म्हणजे पक्ष्यांचे ताट असते. शेकाट्या, चमचा, चित्रबलाक, रंगीबेरंगी पाय वर काढून चालणारे चिखले आणि काही वर्षी रोहित म्हणजे फ्लेमिंगो येथे उतरतात. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म शेवाळ व कीटक गाळून खातो. त्यासाठी त्याला फार तर गुडघ्यापर्यंतचे पाणी लागते. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर माणसाला तो सुंदर दिसतो, पण रोहित पक्ष्याला तिथे उभे राहायलाही जागा नसते.

कोयनेच्या शिवसागर जलाशयातही पाणी उतरल्यावर मोठे किनारे उघडे पडतात. कृष्णेच्या पात्रात वाळूची बेटे शिल्लक असतील, तिथे नदी सुरय आणि पाणभिंगरी अंडी घालतात. मात्र अशी बेटे आता कमी उरली आहेत. बेसुमार वाळूउपशाने नदीचे पात्र खरवडले गेले आणि बंधाऱ्यांमुळे बराच काळ पाणी तुंबलेले राहते. जागतिक स्तरावर ‘असुरक्षित’ गटात नोंदल्या गेलेल्या नदी सुरयाला सुरक्षित घरट्यासाठी चहूबाजूंनी पाणी असलेली उघडी जागा हवी असते. पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडले गेले की भटकी कुत्री, कोल्हे आणि जनावरे सहज पोहोचतात.

तलावात पाणी कमी असले तरी अडचण आणि जास्त असले तरी?

हाच या भागातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. दुष्काळाच्या वर्षी तलाव जानेवारीतच कोरडे पडतात आणि पक्षी येतच नाहीत. दुसरीकडे टेंभू, उरमोडी आणि जिहे-कठापूर या उपसा योजनांचे पाणी आता दुष्काळी तालुक्यांत पोहोचू लागले आहे. जिहे-कठापूर योजनेत कृष्णेचे पाणी उचलून नेर तलावात आणि तेथून बोगद्याने माणमधील आंधळी धरणात नेले जाते. पिढ्यान्‌पिढ्या टँकरवर जगलेल्या गावांसाठी हे पाणी म्हणजे जगण्याचा आधार आहे. त्याला विरोध करण्याचा प्रश्नच येत नाही.

मात्र भर उन्हाळ्यात उन्हाळी आवर्तनाचे पाणी तलावात सोडले की पाण्याची पातळी अचानक वाढते. काठावरच्या गाळात घातलेली टिटवीची, शेकाट्याची किंवा सुरयाची अंडी एका रात्रीत पाण्याखाली जातात. एका तलावात दोन-तीन फूट पाणी वाढणे हा सिंचन खात्याच्या नोंदवहीतला एक आकडा असतो. काठावरच्या विणीसाठी तो संपूर्ण हंगाम असू शकतो. काही पक्षी पुन्हा अंडी घालतात, पण तोवर वळवाचा पाऊस आणि पाठोपाठ मान्सून येऊन ठेपतो.

आणखी एक बाब गाळाची आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये नव्याने राबवण्यात आली. तलावांची साठवणक्षमता वाढावी आणि हलक्या जमिनींना सुपीक गाळ मिळावा, असा तिचा दुहेरी हेतू आहे आणि शेतकऱ्यांना त्याचा लाभही होतो. पण गाळ काढता येतो तो तलाव आटल्यावरच, म्हणजे एप्रिल ते जून. नेमका तोच काळ गाळावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा. तलाव एकसारखा खोल झाला तर उथळ पट्टाच नाहीसा होतो. तलावाच्या बुडीत क्षेत्रात होणारी गाळपेर, म्हणजे चारा किंवा भाजीपाल्याची लागवड, हीदेखील याच जागेसाठीची स्पर्धा आहे.

भातखाचरे एप्रिलमध्ये कोरडी असतात. मग तिथे पक्षी कशासाठी येतात?

कोकणात काही ठिकाणी उन्हाळी भात घेतले जाते. सातारा-सांगलीत भात प्रामुख्याने खरिपाचे. जावळी, पाटण, महाबळेश्वर, वाईचा पश्चिम भाग आणि शिराळा या पट्ट्यात जून ते नोव्हेंबर खाचरे पाण्याने भरलेली असतात. त्यानंतर उरलेल्या ओलीवर हरभरा, गहू किंवा पावटा घेतला जातो आणि मार्चपासून जमीन मोकळी होते.

मोकळे खाचर म्हणजे ओसाड जागा नव्हे. धसकटांत आणि भेगाळलेल्या मातीत किडे, अळ्या, गोगलगायी असतात. तीरचिमण्या, चंडोल, टिटव्या आणि परतीच्या वाटेवरचे धोबी तिथे चरतात. डोंगरी भागात तरवा टाकण्याच्या जागी पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमीन भाजली जाते. धूर निघू लागताच कोतवाल आणि गायबगळे आसपास जमतात आणि पळणारे किडे टिपतात. बांधावरची आंबा, उंबर, जांभळाची झाडे ही तांबट, बुलबुल आणि राज्यपक्षी हरियाल यांची ठिकाणे. वडा-उंबराला फळे आली की हरियालचे थवे पानांत असे मिसळून जातात की फळ खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत ते दिसत नाहीत.

शिराळा तालुक्याची खासियत म्हणजे धूळवाफ पेरणी. पावसाची वाट न पाहता, मेच्या उत्तरार्धात रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे, कोरड्या मातीत कुरीने भात पेरले जाते. वळीव आणि मान्सूनच्या सरींवर ते उगवते. या काळात मातीत पडलेल्या बियाण्यावर मोर, पारवे आणि चिमण्यांची नजर असते. त्यामुळे शेतकऱ्याला राखण करावी लागते. याच सुमारास विहिरींवर वाकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. भाताच्या आणि उसाच्या पातीचे लांब धागे काढून नर ते विणतो. वीण पावसाळ्यात होते आणि पिलांना मुख्यतः किडे भरवले जातात. शेतकऱ्याचे नुकसान आणि मदत, दोन्ही एकाच पक्ष्याकडून होते ते असे.

डोंगरात आणि सड्यांवर काय चालू असते?

कोयना, चांदोली आणि जोर-जांभळीच्या जंगलात एप्रिल-मे हा फळांचा काळ. करवंदे, अंजनी, जांभूळ, उंबर यांच्या भोवती पक्ष्यांची वर्दळ असते. मलबारी राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. ढोलीचे तोंड लिंपून जेमतेम चोच बाहेर येईल एवढी फट ठेवली जाते आणि अनेक आठवडे नर तिला व पिलांना फळे आणून भरवतो. या काळात नराला काही झाले तर आतले सारे कुटुंब धोक्यात येते. जुनी, पोकळ झाडे तोडणे म्हणजे केवळ लाकूड नेणे नव्हे, हे धनेशाच्या उदाहरणावरून कळते. स्वर्गीय नर्तक ओढ्याकाठच्या सावलीत घरटे करतो, तर शीळकरी कस्तूर वळवाच्या पहिल्या सरीनंतर पहाटे शीळ घालू लागतो.

सड्यांवर मात्र चित्र वेगळे असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलांसाठी गजबजणारे कास आणि आसपासची पठारे उन्हाळ्यात वाळक्या गवताची आणि तापलेल्या जांभ्या दगडाची असतात. मलबारी चंडोल, तितर, लावा हे पक्षी याच गवताच्या आडोशाला अंडी घालतात. त्यांचा सर्वांत मोठा शत्रू वणवा. पुढच्या वर्षी गवत चांगले येईल या समजुतीने फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये डोंगर पेटवले जातात. काही वणवे निष्काळजीपणातूनही लागतात. उडू शकणारा पक्षी वाचतो, पण अंडी आणि पिले वाचत नाहीत. वणव्यानंतर काळ्या पडलेल्या उतारावर उन्हाळाभर आडोसा उरत नाही.

चाळकेवाडीच्या अभ्यासाने काय दाखवले?

साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार पवनचक्क्यांसाठी ओळखले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पठाराच्या पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची त्यात तुलना होती. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण सुमारे चौपटीने कमी आढळले.

त्याचा परिणाम जमिनीवर दिसला. शिकारी पक्षी कमी झाल्याने निळा-केशरी गळा फुलवणाऱ्या सरड्यांची संख्या वाढली. हे सरडे माणूस जवळ आला तरी उशिरा पळत आणि त्यांच्यातील ताणाचे संप्रेरकही कमी होते. पण दाटी झाल्याने अन्नासाठी स्पर्धा वाढली, सरडे अशक्त झाले आणि नरांचे रंग फिके पडले. हा सरडा ‘सारडा सुपर्बा’ या नावाने २०१६ मध्येच विज्ञानाला नव्याने ज्ञात झाला. त्याच्या प्रजातीसमूहाचे नाव मराठी ‘सरडा’ या शब्दावरूनच ठेवले आहे. त्याचा रंगीत गळा पाहण्याचा काळही एप्रिल-मेच.

पवनऊर्जा नको, असा या अभ्यासाचा अर्थ नाही. जीवाश्म इंधनाला पर्याय हवाच. मात्र पक्षी पात्यांना धडकून मरतात एवढाच धोका मोजणे अपुरे आहे, पक्षी ती जागाच टाळू लागले तर साखळीतील खालच्या कड्याही बदलतात, हे चाळकेवाडीने जगाला दाखवले. नवे प्रकल्प कोणत्या पठारावर उभारायचे, हे ठरवताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

माळरानाला ‘पडीक’ म्हणणे चूक का?

माण, खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळचे माळ हे तुटलेले जंगल नाही. कमी पाऊस, उथळ माती आणि चराई यांतून घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. धाविक, भाट तितर, माळटिटवी, डोंबारी हे पक्षी दाट झाडीत राहूच शकत नाहीत. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, साधारण चार अंडी घालते. भर दुपारी ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावलीसाठी. टिटव्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांना गारवा देतात. नर भाट तितर तर पोटाच्या पिसांत पाणी शोषून पिलांपर्यंत नेतो. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, हा ग्रामीण आडाखा खरा असो वा नसो, शेतकरी या पक्ष्याकडे किती बारकाईने पाहत आला आहे, याचा तो पुरावा आहे.

महसुली नोंदीत मात्र हे माळ ‘पडीक’ किंवा ‘गायरान’ असतात. त्यामुळे वृक्षारोपण, सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहत यांसाठी प्रथम त्यांच्याकडेच पाहिले जाते. माळावर चर खणून विदेशी झाडे लावणे हे वरवर हिरवे काम वाटते, पण माळावरच्या पक्ष्यांसाठी तो अधिवासाचा नाश असतो.

कायदा नेमका कुठे कमी पडतो?

भारत १९८२ पासून रामसर कराराचा सदस्य आहे. १९७१ च्या या करारात नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायम आणि हंगामी अशा सर्व पाणथळींचा समावेश होतो. भातखाचरे ही पाणथळ व्यवस्था म्हणून महत्त्वाची आहेत, असा ठरावही रामसर सदस्य देशांनी २००८ मध्ये केला.

देशांतर्गत नियम मात्र वेगळे आहेत. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतील व्याख्येतून नद्यांची पात्रे, भातशेती आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन आदींसाठी खास बांधलेले जलसाठे वगळण्यात आले आहेत. हा नियम सातारा-सांगलीला लावून पाहिला की काय उरते? येरळवाडी, नेर, राजेवाडी हे सिंचन तलाव, कृष्णा-येरळेची पात्रे ही नदीपात्रे आणि शिराळा-पाटणची खाचरे भातशेती. म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची जवळपास प्रत्येक पाणथळ या व्याख्येबाहेर पडते.

या वगळण्यामागे कारण होते. प्रत्येक शेततळे आणि खाचर नियमनाखाली आले तर शेतकऱ्याला बांध घालणेही कठीण होईल. ही भीती अनाठायी नाही. पण सरसकट वगळल्यामुळे शंभर-दीडशे वर्षे जुना, पक्ष्यांनी आपलासा केलेला तलाव आणि कालच खणलेले शेततळे एकाच पारड्यात गेले. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर हे रामसर स्थळ मुळात बंधाऱ्यामागे तयार झालेली पाणथळ आहे. मानवनिर्मित जागाही आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते, याचे ते घरचे उदाहरण. सातारा-सांगलीत मात्र आज एकही रामसर स्थळ नाही.

संरक्षित क्षेत्रे किती पुरतात?

पश्चिमेकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये तो अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. सांगलीत १९८५ मध्ये घोषित झालेले सागरेश्वर अभयारण्य अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पाठपुराव्यातून उजाड डोंगरावर ते उभे राहिले. पूर्व भागासाठी महत्त्वाचा निर्णय झाला तो डिसेंबर २०२० मध्ये. राज्य वन्यजीव मंडळाने ८.६७ चौरस किलोमीटरच्या मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राला मान्यता दिली.

संवर्धन राखीव हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आला. स्थानिकांशी चर्चा करून सरकारी जमिनीवर तो घोषित करता येतो आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. अभयारण्यासारखे कडक निर्बंध नसल्याने सिंचन आणि संवर्धन यांचा मेळ घालण्यासाठी तो सोयीचा आहे. पण केवळ घोषणेने पाण्याची पातळी ठरत नाही. ती ठरवते जलसंपदा खाते. दोन खात्यांमध्ये आवर्तनाच्या वेळापत्रकावर चर्चा झाली नाही, तर राखीव क्षेत्राचा फलक कोरडा पडलेला किंवा भरून वाहणारा तलाव पाहत उभा राहील.

सामान्य निरीक्षकाच्या नोंदींचा काय उपयोग?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेऊन १७८ प्रजाती संवर्धनासाठी सर्वोच्च प्राधान्याच्या ठरवण्यात आल्या. उघड्या अधिवासातील पक्षी, शिकारी पक्षी, बदके आणि स्थलांतर करणारे चिखले यांची घट त्यात ठळकपणे दिसली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानले जाते, त्या नीलपंखाच्या संवर्धन स्थितीचे पुनर्मूल्यांकन करावे, अशी शिफारसही त्यात आहे. मोर आणि कोकिळ यांची संख्या मात्र वाढताना आढळली.

बहुतेक निरीक्षक हिवाळ्यात, प्रसिद्ध तलावांवर जातात. त्यामुळे एप्रिल-मेमधील आणि माळ-खाचरांतील नोंदी तुलनेने विरळ असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर ‘ग्लोबल बिग डे’ पाळला जातो आणि ‘ई-बर्ड’वर नोंदी केल्या जातात. दहिवडीच्या माळावरील वीस मिनिटांची यादीही त्या दिवशी मोलाची ठरते. ‘आज एकही रोहित दिसला नाही’ ही नोंदसुद्धा माहितीच असते.

उन्हाळ्यात पक्षी पाहताना काय पाळावे?

वेळ पहाटेपासून साडेनऊपर्यंत किंवा साडेचारनंतरची. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंतर. आटलेल्या तलावाच्या गाळावर किंवा नदीतल्या बेटावर चालू नये, गाडी तर नेऊच नये. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की घरटे जवळ आहे असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. पक्षी अंड्यांवरून उठला की तीव्र उन्हात थोड्या मिनिटांतही अंडी निकामी होऊ शकतात. छायाचित्रासाठी घरट्याजवळचे गवत किंवा फांदी बाजूला करू नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, विणीच्या काळात तो आपला प्रदेश राखण्यात शक्ती घालवतो. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

पुढे काय करता येईल?

यासाठी मोठा निधी किंवा नवा कायदाच हवा असे नाही. मोजक्या तलावांवर एप्रिल ते जून या काळात पाण्याची पातळी अचानक न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवणे शक्य आहे. गाळ काढताना एका बाजूचा उथळ पट्टा तसाच ठेवणे आणि जेथे घरटी असतील तो भाग शेवटी उकरणे, ही अट कामाच्या मंजुरीतच घालता येते. वणवा रोखण्यासाठी जाळपट्टे वेळेत काढणे आणि गवत पेटवण्याऐवजी कापून नेऊ देणे यात गावांचाही फायदा आहे. माळावर झाडे लावण्यापूर्वी आणि पठारावर प्रकल्प उभारण्यापूर्वी किमान एका उन्हाळ्याची पक्षीनोंद बंधनकारक करता येईल.

दुष्काळी भागाला पाणी मिळणे आणि पक्ष्यांना उथळ काठ मिळणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. दोन्हींसाठी लागते ते एकच, तलावाच्या पाण्याचे वर्षभराचे नियोजन. आज त्या नियोजनात पिके आणि पिण्याचे पाणी यांचे रकाने आहेत. त्यात विणीच्या तीन महिन्यांसाठी आणखी एक रकाना वाढवण्याचा निर्णय जिल्हा पातळीवरही घेता येण्यासारखा आहे.